रोट

सावद्याच्या शाळेत गणपती बसायचा
आणि गूळखोबरं सगळ्यांच्या हातावर पडायचं.
मी मूठ मिटून घ्यायची.
खायचं नाही, टाकायचंही नाही,
दोन्ही वाक्यं आईची.
घर येईस्तोवर गूळ बोटांच्या बेचक्यांत उतरलेला,
हौदावर हात धुऊन मगच उंबरा.
एकदा चाटलं होतं. करंगळीचं टोक, बस.
पाप लागलं की नाही ठाऊक नाही,
गोड लागलं.

आम्ही दंडवत म्हणणारे.
स्टँडवर कुणी अनोळखी दंडवत म्हणाला
की बाबा त्याची पिशवी उचलून घरी घेऊन येत,
आई पुन्हा चूल पेटवी.
मी नाशिकला नर्सिंगला गेले तेव्हा
पहिले अकरा दिवस ज्यांच्याकडे जेवले
त्यांचं आडनावही आज आठवत नाही.
त्यांनी एवढंच विचारलं, उपदेश कुणाचा?
मी सांगितलं. ताट आलं.
दुसरं काही सांगितलं असतं तर,
हे तेव्हा मनात आलं नाही.
भूक होती.

बेबाताई भालोदला गेली, स्वतःच्या मर्जीनं.
तिच्या सासरी श्रावणात कानबाई बसते,
नारळाला डोळे, नाकात नथ,
रात्रभर बाया गातात, सकाळी पाण्यावर नेतात.
तिनं रोट भाजले. खाल्ले.
बातमी केळीच्या ट्रॅक्टरवर बसून
संध्याकाळच्या आत आमच्या ओट्यावर.
आश्रमात कुणी अवाक्षर काढलं नाही.
पारायणाला ती आली, बसली,
आणि तिच्या शेजारून आधी यादव धांडे उठले,
मग त्यांची बायको,
मग सतरंजीचा लालपांढरा पट्टा
दोन्हीकडून दिसायला लागला.
काट्यात पावशेर मारणाऱ्या व्यापाऱ्याची
कॉलर धरणारे माझे बाबा
पोथीचं पान उलटत राहिले.
पान उलटायची जागा नव्हती ती.
मला पाठ होतं.
मीही उठले नाही, सरकलेही नाही.

पुढच्या वर्षी मी भालोदला गेले.
घरभर तुपाचा वास, टोपलीवर फडकं.
म्हटलं, दे एक तुकडा, बघू तरी
कशासाठी सोडलंस आम्हाला.
ती हसली. "नही देता येत व माय.
रोट भाऊबंदांबाहेर जात नही."
मग जरा थांबून,
"तुमच्यात खात नही, आमच्यात देत नही."
किती सहज म्हणाली, आमच्यात.
फडक्याची कोपरं तिनं पुन्हा नीट खोचली
आणि मला चहा केला,
जास्त साखरेचा.

बाबा गेले वैशाखात.
त्या दुपारी पत्र्यावर कावळासुद्धा उतरला नाही.
आम्हाला भूमीडाग, आणि गावाची जागा जाळणाऱ्यांची.
सरपंच म्हणाला, बघू.
बघू म्हणेपर्यंत बर्फ वितळत होता.
यादव धांडे आले. तेच.
खांद्यावर कुदळ. "माह्या बांधावर," म्हणाले,
आणि घड लागलेल्या केळीच्या दोन ओळी
स्वतःच्या विळ्यानं आडव्या केल्या.
फैजपूरहून माणसं आली, न्हावीहून आली,
बंद दुकानाचं शटर उघडून कुणी मिठाची पोती आणली,
कुणी माझ्या आईला धरून बसलं
आणि रात्रभर सोडलं नाही.
पैशाचं नाव काढलं तर रागावले.

बेबाताई आली होती.
पाटाच्या पलीकडे, केळीच्या सावलीत.
ये कुणी म्हणालं नाही,
जा कुणी म्हणालं नाही.
मी ओंजळभर मीठ घेऊन पाट ओलांडला
आणि तिच्या हातावर ओतलं.
तिनं मूठ मिटून घेतली.
तशीच घेऊन परत गेली की पाटात सोडलं,
मी विचारलेलं नाही.

कुदळ धुताना धांडे म्हणाले,
आता पौर्णिमेला येत जाशील ना?
त्या क्षणी मी जे 'हो' म्हटलं
ते खरं होतं.
जेमतेम दीड महिना खरं होतं.

त्या दोन ओळी त्यांनी अजून लावल्या नाहीत.
दरवर्षी एवढं उत्पन्न बुडवतात, बोलत नाहीत.
बेबाताई बाजारात दिसली
तर रस्ताही बदलतात,
तेही न बोलता.